धडकेत दार का उघडते आणि ते बंद कसे ठेवावे

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत प्रेस शॉप (पत्रा कापून-दाबून भाग बनवणारा कारखाना) चालवणाऱ्या एका तरुण उद्योजकाने विचारलेला प्रश्न असा आहे : मोटारीच्या दाराच्या लॅचमधील, म्हणजे दार बंद धरून ठेवणाऱ्या खटक्यातील, क्लॉ (पकडणारा भाग) आणि पॉल (त्याला अडवून धरणारा भाग) हे दोन भाग बनवून देण्याची विचारणा त्यांच्याकडे आली असून ड्रॉइंगवरील काही टॉलरन्स, म्हणजे मापात चालणाऱ्या फरकाच्या मर्यादा, त्यांना उगाच कडक वाटतात. एवढे जाड आणि वर हीट ट्रीटमेंट केलेले पोलाद धडकेत तुटणार कसे, आणि दार उघडण्याची इतकी धास्ती असेल तर स्प्रिंग जोरदार घालून मोकळे का होत नाहीत, असे त्यांचे म्हणणे आहे. दोन्ही शंका रास्त आहेत. सातपूर आणि अंबड येथे या कामात माझी पंचवीसएक वर्षे गेली असल्यामुळे उत्तर थोडे लांबेल.

आधी मुद्द्याचे सांगतो. धडकेत उघडलेल्या दाराचे लॅच नंतर सोडवून पाहिले की बहुतेक वेळा आतले भाग शाबूत असतात. लॅच तुटलेले नसते, ते उघडले गेलेले असते. माणसाच्या बोटांनी जी हालचाल हँडलला द्यायची, तीच हालचाल धडकेने दिलेली असते. म्हणून ताकद हा या रचनेचा अर्धाच भाग झाला. उरलेला अर्धा भाग म्हणजे उघडण्याचा संदेश चुकूनही पॉलपर्यंत पोहोचू न देणे, आणि खरी डोकेफोड तिथेच आहे.

भंगारातून एखादे जुने लॅच आणून टेबलावर ठेवा. मधल्या खाचेत जो इंग्रजी ‘यू’ आकाराचा तुकडा फिरतो तो क्लॉ. बी पिलरवर, म्हणजे पुढच्या आणि मागच्या दारांमधल्या खांबावर, बसवलेला स्ट्रायकरचा गोल दांडा त्याच्या तोंडात अडकतो. स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने क्लॉ आत ढकला : पहिला ‘टक’ आवाज येतो ती अर्धवट लागलेली अवस्था, आणखी ढकलल्यावर दुसरा ‘टक’ येतो ती पूर्ण. दोन्ही वेळा जो छोटा तुकडा मागून येऊन क्लॉच्या दाताआड उभा राहतो तो पॉल. आता स्क्रू ड्रायव्हरने क्लॉ उलटा फिरवायचा प्रयत्न करा. हात दुखेल पण तो हलणार नाही. मग त्याच हाताच्या करंगळीने बाजूची रिलीज लिव्हर उचला. सगळे एका क्षणात मोकळे होते. टनभर ओढ सहन करणारी वस्तू करंगळीने उघडते, आणि ती तशी उघडलीच पाहिजे, ही या यंत्रणेची मूळची अडचण आहे.

ताकदीचा हिशेब त्या मानाने सरळ आहे. १८ नोव्हेंबर २००४ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या चौकटीत वाहनांसाठीचा पहिलावहिला जागतिक तांत्रिक नियम मंजूर झाला, तो दाराच्या लॅच आणि बिजागरांविषयीच होता. त्यानुसार पूर्ण लागलेल्या लॅचने गाडीच्या लांबीच्या दिशेने ११,००० न्यूटन आणि क्लॉ उघडण्याच्या दिशेने ९,००० न्यूटन ओढ सहन करायची असते. अर्धवट अवस्थेत दोन्ही दिशांना ४,५०० न्यूटन पुरतात. आपल्या भाषेत ११,००० न्यूटन म्हणजे सुमारे ११२० किलोचा भार. आपल्याकडे कुलपे आणि बिजागरांसाठी आयएस १४२२५ हे मानक आहे. अर्धवट अवस्थेला वेगळी अट घालण्यामागचे कारण रोजच्या वापरातले आहे : मागच्या सीटवरच्या मुलाने दार नीट न लावता सोडले आणि गाडी निघाली, तरी दार हातचे जाऊ नये.

मात्र या आकड्यांमागेही एक गोष्ट दडलेली आहे, आणि तुमच्या ड्रॉइंगवरचा सर्वांत कडक टॉलरन्स तिथूनच येतो. समजा स्ट्रायकर क्लॉच्या पिनपासून, म्हणजे तो ज्या आसावर फिरतो तिथून, १५ मिलिमीटरवर ओढत आहे आणि पॉल ३० मिलिमीटरवर टेकला आहे. स्ट्रायकरवर ९,००० न्यूटन आले की पॉलच्या तोंडावर ४,५०० न्यूटन येतात. या बळाची रेषा पॉलच्या पिनच्या कोणत्या बाजूने जाते यावर सगळे अवलंबून असते. ती उघडण्याच्या बाजूला फक्त एक मिलिमीटर सरकली, तर पॉलला उघडणारे साडेचार न्यूटन-मीटरचे पीळबळ (टॉर्क) तयार होते. पॉलची स्प्रिंग यापुढे काहीच नाही. ती एका न्यूटन-मीटरच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास असते. म्हणजे धडकेत पॉलला स्प्रिंग धरून ठेवत नाही, भूमिती धरून ठेवते. रेषा पिनच्या बंद होण्याच्या बाजूने जात असेल, तर ओढ वाढेल तसा पॉल आणखी घट्ट आत खेचला जातो.

मग ती रेषा भरपूर आत का नेऊ नये? कारण मग दार उघडताना पॉलला क्लॉ किंचित मागे रेटून, म्हणजे दाराचे रबर आणखी दाबून, बाहेर पडावे लागते. हँडल जड होते आणि उघडताना ‘खट्ट’ असा बंदुकीसारखा आवाज येतो, जो विक्री विभागाला सोसवत नाही. त्यामुळे रचनाकार अगदी काठावर, पण सुरक्षित काठावर उभा असतो. टेकण्याच्या तोंडाचा कोन, पिनच्या भोकापासून त्या तोंडाचे अंतर आणि भोकाची सैलाई या तीन मापांत तो काठ सांभाळलेला असतो. घर्षण मदतीला येते हे खरे. पण ग्रीस लागलेल्या तोंडावर घर्षणाच्या भरवशावर राहणारा रचनाकार मी तरी उभा करणार नाही.

याच ओढीत आणखी एक प्रकार घडतो. मागची पातळ प्लेट वाकते, क्लॉ तिरका होतो आणि पॉलच्या समोरून न जाता त्याच्या अंगावरून, म्हणजे जाडीच्या दिशेने, निसटतो. भाग तुटत नाहीत, एकमेकांना चुकवतात. ड्रॉइंगवर सपाटपणाची अट आणि प्लेटला दिलेली उभारी दिसेल, ती यासाठी असते.

आता स्प्रिंगचा प्रश्न. गाडीला बाजूने धडक बसली की त्या बाजूचे दार झटक्यात आत ढकलले जाते. हँडल मात्र जडत्वामुळे मागे राहते, म्हणजे दाराच्या तुलनेत बाहेर येते. बाहेर उभे राहून कोणी हँडल ओढले तर नेमके हेच होते. पलीकडच्या दारात चित्र उलटे असते : तिथे बाहेरचे हँडल दाबले जाते, पण आतले हँडल केबिनच्या दिशेने म्हणजे उघडण्याच्या दिशेने येते. बसमध्ये उभे असताना चालकाने ब्रेक मारला की आपण पुढे जातो, तेवढीच ही गोष्ट आहे.

तोच जागतिक नियम सांगतो की ३० जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या तीसपट, इतक्या त्वरणाला लॅच उघडता कामा नये. आकडेमोड करून पाहू. हँडलचा हलणारा भाग १२० ग्रॅमचा आणि त्याचा गुरुत्वमध्य पिनपासून २५ मिलिमीटरवर धरला, तर ३० जी ला उघडणारे पीळबळ सुमारे ०.८८ न्यूटन-मीटर येते. हँडलची स्वतःची स्प्रिंग आणि हँडलला लॅचशी जोडणाऱ्या रॉडमधून येणारा लॅचच्या स्प्रिंगचा विरोध मिळून ०.४५ धरू. कमी पडतात ०.४३. बोटे पिनपासून ६० मिलिमीटरवर ओढत असतील, तर ही तूट स्प्रिंगने भरून काढल्यास गिऱ्हाइकाच्या बोटांवर फक्त ७ न्यूटन वाढतात. म्हणजे प्रश्न विचारणाऱ्यांचे बरोबरच ठरले की! स्प्रिंग वाढवली, चाचणी पास झाली.

पण बाजूच्या धडकेत मार बसलेल्या दारावर क्षणभर १०० जी आणि त्याहून जास्त त्वरण येते. त्याच हँडलवर १०० जी ला २.९४ न्यूटन-मीटर पीळबळ येईल, आणि ते स्प्रिंगने अडवायचे तर बोटांना आणखी ४० न्यूटनांहून अधिक, म्हणजे चार किलोंपेक्षा जास्त जोर लावावा लागेल. आजीबाईंना ते दार उघडणार नाही. स्प्रिंग हा एक ठरलेला आकडा आहे. धडक त्याच्या पुढे गेली की स्प्रिंग हरली.

म्हणून प्रतिभार, म्हणजे कारखान्यात ज्याला काउंटरवेट म्हणतात, तो वापरतात. पिनच्या दुसऱ्या बाजूला वजन बसवले की धडकेत हँडल ज्या दिशेने फिरू पाहते, त्याच्या विरुद्ध दिशेने ते वजन फिरवू पाहते. १२० गुणिले २५ याला दुसऱ्या बाजूने तेवढ्याच गुणाकाराने तोलले, तर ३० जी असो की १५० जी, तोल तोच राहतो. वाण्याच्या तराजूसारखे आहे. दुकान कितीही हलले तरी पारडी एकमेकांना धरून असतात. अडचण जागेची आणि वजनाची असते. चार दारांत चारशे-पाचशे ग्रॅम वाढवायचे म्हटले की खर्चाचा हिशेब पाहणारी मंडळी भुवया उंचावतात. बऱ्याच रचनांत म्हणून पूर्ण तोल न साधता अर्धा तोल आणि उरलेल्याला स्प्रिंग, अशी तडजोड असते.

वेळेचाही विचार करावा लागतो. स्प्रिंग क्षणभर विसरून १०० जी ला मोकळी वस्तू किती सरकते ते पाहा : ५ मिलिसेकंदांत सुमारे १२ मिलिमीटर, १० मिलिसेकंदांत जवळजवळ ४९. पॉल सुटायला हँडलचा गुरुत्वमध्य दहाएक मिलिमीटर हलणे पुरत असेल, तर झटका ३ मिलिसेकंदांचा आहे की १० चा, यावर दाराचे भवितव्य ठरते. हँडल आणि पॉल यांच्यात सुरुवातीला जी सैल हालचाल ठेवलेली असते, ती ढिसाळपणा नाही. विकत घेतलेला वेळ आहे. असेंब्लीवरचा एखादा हुशार कामगार ती ‘चाल’ काढून हँडल कडक बसवतो, तेव्हा मला पोटात गोळा येतो.

अलीकडच्या अनेक रचनांत जडत्वाने चालणारा अडसर असतो. छोटीशी वजनदार लिव्हर धडकेत स्वतःच झुलते आणि रिलीज लिव्हरच्या वाटेत उभी राहते. तिला दोन-तीन मिलिमीटरच जायचे असल्याने ती हँडलच्या आधी पोहोचते. काहींमध्ये झटका ओसरला की ती परत येते. पण धडकेत त्वरण एकाच दिशेने राहत नाही, ते मागेपुढे झुलते, आणि हँडल अजून बाहेर असतानाच अडसर परत आला तर सगळे मुसळ केरात. म्हणून दुसऱ्या प्रकारात हँडल जागेवर येईपर्यंत अडसर अडून राहतो. आणखी एक खुबी मला आवडते : दार रोज उघडताना ही लिव्हर दरवेळी थोडी हलेल अशी जोडणी करायची, म्हणजे पाच वर्षांनी वेळ येईल तेव्हा ती गंजून बसलेली नसेल. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांतून फिरणारे पिकअप एकदा उघडून पाहिले की ही खुबी का हवी ते कळते. धूळ, चिखल, फवारणीचे डाग आणि त्यावर घट्ट झालेले ग्रीस. निफाडच्या जानेवारीतल्या पहाटे चुकीच्या प्रतीचे ग्रीस इतके घट्ट होते की पॉल पूर्ण आत पडत नाही आणि दार अर्धवट अवस्थेवर धावत राहते.

जडत्वाइतकाच मोठा दुसरा गुन्हेगार म्हणजे पत्र्याची मोडतोड. बाहेरचे हँडल बाहेरच्या पत्र्यावर, लॅच दाराच्या मागच्या कडेवर, आणि दोघांना जोडणारा रॉड. पत्रा आत दबला की या दोन जागांमधले अंतर बदलते. रॉड ओढला गेल्यावर लॅच उघडणार असेल, तर ताणलेले दार स्वतःच स्वतःला उघडते. उपाय कागदावर सोपे आहेत : रॉड दाबल्यावर उघडेल अशी मांडणी करून त्याला मुद्दाम एक बाक द्यायचा, म्हणजे हाताच्या जोराला तो सरळ काम करेल पण पत्र्याच्या जोराला वाकून जाईल, केबल असेल तर तिला मोकळा वळसा द्यायचा आणि तिच्या क्लिपा जोर आल्यावर सुटतील अशा निवडायच्या. लॅच आणि हँडल यांच्यामध्ये काच खाली येण्याची वाट, काचेची मोटार आणि दारातील आडवी धडक-पट्टी असते. धडकेत यांपैकी काय सरकून रॉडवर येईल, याचा विचार लॅचच्या ड्रॉइंगवर कधीच दिसत नाही. तो संपूर्ण दार टेबलावर ठेवूनच करावा लागतो.

आणि लॅच कितीही चांगले असले तरी स्ट्रायकर ज्या पत्र्यात बसतो तो पत्रा फाटला तर काय उपयोग? बी पिलरमध्ये स्ट्रायकरच्या मागे जाड तबकडी लागते. दुरुस्तीच्या गॅरेजमध्ये दार नीट लागावे म्हणून स्ट्रायकरखाली वॉशरची थप्पी लावतात आणि स्ट्रायकर क्लॉच्या तोंडाच्या कडेला टेकतो, हे मी अनेकदा पाहिले आहे. आपल्या गाडीच्या स्ट्रायकरवर घासलेला चकचकीत पट्टा असतो. तो मधोमध नसेल तर मिस्त्रीला पुन्हा बोलवा.

आपल्याकडे १ ऑक्टोबर २०१७ पासून नव्या मॉडेलना आणि १ ऑक्टोबर २०१९ पासून सर्व मोटारींना एआयएस (वाहन उद्योग मानक) ०९८ आणि ०९९ या धडक चाचण्या लागू झाल्या. पहिली समोरून, ताशी ५६ किलोमीटर वेगाने गाडीच्या रुंदीचा काही भागच आदळवून. दुसरी बाजूने, ताशी ५० किलोमीटर वेगाने येऊन आदळणाऱ्या चाचणीच्या गाड्याने. धडकेत दार उघडता कामा नये आणि समोरच्या धडकेनंतर प्रत्येक रांगेतले निदान एक दार हत्याराशिवाय उघडता आले पाहिजे, अशा दोन्ही अटी तिथे एकत्र नांदतात. धडक संपली की एअरबॅगचे कंट्रोल युनिट कुलपे मोकळी करते ते यासाठी. कुलूप लावून प्रवास केल्यास बाहेरच्या हँडलची पॉलशी असलेली जोडणी सुटते आणि त्या वाटेने उघडण्याचा धोका जवळजवळ संपतो, हे खरे आहे. तरी लॅचची चाचणी कुलूप न लावता घेतात, कारण प्रत्येक जण कुलूप लावेलच असे नाही. विजेवर उघडणाऱ्या नव्या लॅचमध्ये हँडलच्या जडत्वाचा प्रश्न नाहीसा होतो, पण समोरची बॅटरी चेपल्यावर वीज कुठून आणायची हा नवा प्रश्न उभा राहतो. साठवलेल्या विजेची वेगळी सोय आणि आत हाताने ओढायचा दुवा, दोन्ही हवेत असे माझे मत आहे.

हे सगळे एका दिवसात सुचलेले नाही. १९५० च्या दशकात अमेरिकेत अपघातग्रस्त गाड्यांचा अभ्यास करताना उघडलेल्या दारातून माणसे बाहेर फेकली जातात हे लक्षात आले. फोर्डने १९५६ च्या मॉडेलमध्ये दुहेरी पकडीची लॅच दिली, मर्सिडीज-बेंझमध्ये बेला बारेनी यांच्या कल्पनेतून पाचरीच्या खुंटीचे लॅच १९५९ च्या गाडीत आले आणि १ जानेवारी १९६८ पासून अमेरिकेत दाराच्या लॅच-बिजागरांसाठीचे २०६ क्रमांकाचे मानक लागू झाले. सीटबेल्ट असताना लॅचची एवढी चिंता कशाला, असे विचारणाऱ्यांना मी सांगतो की दार बंद राहिले तरच पिलर, दार आणि छत मिळून पिंजरा बनतो. दार उघडले की पिंजऱ्याची एक बाजूच गेली.

सरकत्या दारांविषयी थोडक्यात : तिथे पूर्ण गाडीवर चाचणी घेतात, दाराच्या दोन्ही कडांवर आतून मिळून १८,००० न्यूटन लावतात आणि फट १०० मिलिमीटरपेक्षा मोठी होऊ देत नाहीत. एका कडेला लॅच आणि दुसऱ्या कडेला नुसती खुंटी, अशी जुनी मांडणी तिथे तग धरत नाही.

आता तुमच्या शॉपविषयी. साध्या ब्लँकिंगमध्ये, म्हणजे प्रेसवर पत्र्यातून भाग कापून काढताना, कापाच्या जाडीचा साधारण एक तृतीयांश भागच गुळगुळीत निघतो. बाकीचा फाटलेला आणि उतरता असतो. अशा तोंडावर पॉल टेकला तर तो पूर्ण जाडीवर न टेकता एका धारेवर टेकतो, आणि वर सांगितलेला कोन ड्रॉइंगवर एक आणि प्रत्यक्षात दुसराच राहतो. म्हणून फाइन ब्लँकिंग, म्हणजे कड जवळजवळ पूर्ण गुळगुळीत देणारी कापणी, मागितले आहे. निळा रंग लावून क्लॉ आणि पॉल एकदा जुळवून पाहा, डाग किती रुंद उमटतो ते डोळ्यांनी दिसेल. बर, म्हणजे कापाच्या कडेला राहणारी धारदार कोर, कोणत्या बाजूला येणार हेही ड्रॉइंगवर ठरलेले असते. तो क्लॉच्या बाजूला गेला तर पॉल अडखळतो. आवाज कमी करण्यासाठी क्लॉवर प्लॅस्टिक चढवतात, पण पॉल टेकतो ती जागा उघडे पोलादच ठेवतात. तिथे प्लॅस्टिकची पापडीसुद्धा आलेली चालत नाही.

प्लेटिंगच्या बाबतीत माझा स्वतःचा कटू अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या एका लॉटचे पॉल ओढ चाचणीत व्यवस्थित उतरले. दुसऱ्या दिवशी सकाळी फिक्स्चरवर भाराखाली ठेवलेल्या नगांपैकी तीन तडकलेले होते. रात्री कोणी हातही लावला नव्हता. प्लेटिंग करणाऱ्याने झिंक चढवल्यावर भट्टीत भाजण्याची पायरी घाईत गाळली होती. कठीण पोलादात प्लेटिंगच्या वेळी हायड्रोजन शिरतो आणि भाग ठिसूळ होऊन काही तासांनी, कधी काही दिवसांनी, आपणहून तडकतो. प्लेटिंगनंतर चार तासांच्या आत साधारण २०० अंश सेल्सिअसला काही तास भाजावे लागते. त्या भट्टीचा आलेख प्रत्येक लॉटसोबत मागून घ्या, नुसत्या सहीच्या प्रमाणपत्रावर माल उतरवून घेऊ नका.

टॉलरन्स सैल करून मागण्यापूर्वी ग्राहकाकडून संपूर्ण लॅचचे असेंब्ली ड्रॉइंग आणि पॉलच्या तोंडावरील बळाची रेषा मागा. ती रेषा सर्वांत वाईट मापांच्या जोडीतही बंद होण्याच्या बाजूला राहते असे दिसले, तर बाहेरच्या कडांच्या मापांत सवलत मागायला हरकत नाही; तिथे ड्रॉइंग करणाऱ्याने सवयीने कडकपणा लिहिलेला असतो आणि तो बहुधा मान्यही करतो. पिनच्या भोकापासून टेकण्याच्या तोंडापर्यंतच्या मापाला मात्र हात लावू नका. पहिल्या लॉटमधले पाच नग आडवे कापून कठीणपणा तोंडापासून गाभ्यापर्यंत मोजून घ्या आणि पाच नग पूर्ण लॅचमध्ये बसवून ओढून पाहा. पुण्याला एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेकडे नमुने नेण्याआधी हे इथेच झाले, तर सिन्नर-संगमनेरमार्गे जाण्यायेण्याची एक फेरी तरी वाचते.